माझ्या अपराधांची पुरवणी

वकिलीच्या सनदेचा अर्ज माझ्या वर्गातल्या मुलामुलींनी उभ्या उभ्या उरकला होता. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने तर बसथांब्यावर पर्स हातावर आडवी धरून, तिच्यावर कागद ठेवून तो भरून टाकला. नाव, पत्ता, पदवी, दोन फोटो आणि शेवटच्या पानावर एक रकाना : 'अर्जदाराविरुद्ध यापूर्वी कोणतीही तक्रार, दंड अथवा शिस्तभंगाची कारवाई झाली असल्यास तपशील द्यावा. जागा अपुरी पडल्यास पुरवणी जोडावी.' या रकान्यात सगळं जग 'नाही' लिहितं. मीही लिहिणारच होते, पेन टेकवलंही होतं. पण नशीब असं की मी हा अर्ज घरातल्या जेवणाच्या टेबलावर भरत होते आणि समोर बाबा मोसंबं सोलत बसले होते.

आमचे बाबा काय चीज आहे हे आधी सांगायला हवं. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानं पालथी घालून लोकांचे तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता निवृत्त झाले, तरी ते बाजारात शिरले की भाजीवाले आपोआप सरळ होऊन बसतात. गल्लीत त्यांना तोलकाका म्हणतात, तेही तोंडावर, आणि त्यांना ते मनापासून आवडतं. घरातसुद्धा त्यांच्या तोंडून शब्द मोजूनमापूनच बाहेर पडतो. आईने जीव ओतून काही रांधलं आणि "कसं झालंय?" विचारलं, की उत्तर यायचं, "मीठ किंचित कमी." कौतुकाची त्यांची सगळ्यात वरची पायरी म्हणजे 'बरं आहे'. मी कायद्याची परीक्षा पास झाले तेव्हा त्यांनी गुणपत्रिका पुढून पाहिली, मागून पाहिली आणि म्हणाले, "झालीस पास. बरं झालं." त्या दिवशी मी खोलीत जाऊन उशीला बुक्क्या घातल्या. माझा राग कायम नाकावर असतो, हेही इथेच सांगून टाकते.

"काय लिहितेस?" बाबांनी विचारलं.

"नाही, असं लिहितेय."

"कशाला नाही?"

मी रकाना मोठ्याने वाचून दाखवला. तिथेच माझं चुकलं.

"कोणतीही तक्रार," बाबा म्हणाले. मोसंब्याची फोड तोंडाशी जाता जाता थांबली. "कोणतीही म्हणजे कोणतीही. मग त्या दंतवैद्याचं काय?"

दंतवैद्याचं असं झालं होतं, की मी बालवाडीत असताना त्याच्या अंगठ्याला कडकडून चावले होते. त्याने आईबाबांना आत बोलावून, अंगठा वर धरून, माझ्याबद्दल रीतसर तक्रार केली होती.

"बाबा, मी एवढीशी होते!"

"मग तसं लिही. वयासकट लिही. तक्रार झाली होती की नव्हती?"

आई ओट्यापाशी भांडी पुसत होती. ती इस्पितळात परिचारिका आहे, रक्त पाहून डगमगत नाही, पण हे ऐकून तिच्या हातातलं झाकण खणखणलं. "अहो, पोरीला वकील व्हायचंय की तुरुंगात जायचंय?"

"सनद हवी ना तिला? मग खरं लिहायला नको?" बाबांनी एवढंच विचारलं आणि आई पुन्हा भांडी पुसायला लागली. बाबांशी वाद घालता येतो, त्यांच्या अशा प्रश्नांशी नाही.

तेवढ्यात दादा आला. तो फ्रीज दुरुस्त करतो आणि सुटीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला येतो. काय चाललंय हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी जन्मात विसरणार नाही. त्याने खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या आणि ओठ वर करून आपला अर्धा दात दाखवला. "हा कुणी पाडला? रॅकेटने? लिही!"

"तो खेळताना पडला!"

"मी आईकडे तक्रार केली होती. आई, केली होती ना?"

"केली होती," आई म्हणाली, आणि मग तीसुद्धा हात पुसत टेबलापाशी येऊन बसली. माझी बाजू घ्यायचा तिचा निग्रह इतक्यात संपेल असं मला वाटलं नव्हतं. "आणि पोहायला शिकवणारे ते सर, आठवतात? त्यांना कपड्यांसकट तलावात ढकललं होतं हिने. चिठ्ठी आली होती घरी."

"ते मला भित्री म्हणाले होते!"

"कारणही लिही," बाबा म्हणाले. "कारण लिहायला कुणाची ना नाही."

मग काय, माझ्या अपराधांना पूरच आला. शेजारच्यांच्या झाडाची लिंबं. तिकीट न काढता केलेला बसचा प्रवास आणि त्याचा दंड. ग्रंथालयाचं बुडवलेलं पुस्तक. वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांचा निकाल मान्य नाही म्हणून व्यासपीठावर मारलेली बैठक, आणि तिथून मला उचलून खाली आणणारे आयोजक. प्रत्येक आठवणीला दादा टेबल बडवायचा, आई "अगं बाई, हो की!" म्हणायची, आणि बाबा शांतपणे म्हणायचे, "लिही." शेवटी तर मीच हसून हसून आडवी झाले. इतकी वर्षं मी स्वतःला गरीब बिचारी समजत होते आणि कागदावर पाहते तो एक अट्टल गुन्हेगार.

पुरवणीच्या खाली बाबांनी स्वतः लिहिलं, 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे बरोबर आहे,' आणि सही ठोकली. अशी सही कुणी मागितली नव्हती. पण तपासलेल्या मालावर सही केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

वकील मंडळाच्या खिडकीतल्या कारकुनाने माझा अर्ज हातात घेऊन जरा तोलल्यासारखा केला. "हे काय जोडलंय?"

"पुरवणी."

"पुरवणी?" त्याने शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं. "ही कुणी जोडत नाही हो."

मी त्याला माझे दात दाखवून हसले आणि घरी आले. खरं सांगते, तेव्हा मला काही वाटलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष मॅडमच्या कचेरीतल्या खुर्चीकडे लागलं होतं.

ही मॅडम म्हणजे मी जिच्या हाताखाली शिकले ती वकील. औषधाच्या दुकानाच्या वर तिची कचेरी आहे, दोन खोल्यांची. भिंतीला टेकून फायली छातीपर्यंत चढलेल्या, आणि खिडकीपाशी एक रिकामं टेबल, एक खुर्ची. "शपथ झाली की ही जागा तुझी," मॅडम म्हणाली होती. "पण या खेपेच्या शपथविधीत हं. पुढची खेप सहा महिन्यांनी. तोवर मी थांबले तर या फायली माझ्या अंगावर कोसळतील. तू नसलीस तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल." मी त्या खुर्चीवर बसून पाहिलं होतं. खिडकीतून समोर कोर्टाच्या पायऱ्या दिसायच्या आणि त्यांवरून धावत सुटलेले काळे कोट. माझा जीव त्या खुर्चीत अडकला होता.

मैत्रिणीला शपथविधीची तारीख आली. वर्गातल्या सगळ्यांना आली. मला आलं ते बोलावणं. 'आपल्या अर्जातील मजकुराबाबत चारित्र्य समितीसमोर खुलासा करावा. मजकुराची पडताळणी करणाऱ्या व्यक्तीस सोबत आणावे. समितीचे समाधान झाल्याखेरीज आपले नाव शपथविधीच्या यादीत घेतले जाणार नाही.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मग भानावर आले आणि आधी काय केलं असेल, तर बाबांवर तोंड सोडलं. तुमच्या खरेपणापायी माझं वाटोळं झालं. सगळ्यांनी 'नाही' लिहिलं, त्यांचं काय बिघडलं? त्या दंतवैद्याला माझा चावा आठवत नसेल, पण तुम्हाला आठवायलाच हवा. तुमचा तराजू मोठा, मुलीचं काय व्हायचं ते होवो! बोलता बोलता मी रडले, आणि रडता रडता आणखी बोलले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "मी सांगेन त्यांना," ते म्हणाले. "मी लिहायला लावलं म्हणून."

"काही सांगू नका! कृपा करा. विचारतील तेवढंच बोला."

"बरं," बाबा म्हणाले आणि उठून आपल्या सदऱ्याला इस्त्री करायला गेले. आई मागाहून मला म्हणाली, "जेवले नाहीत ते. तू जेवलीस का, तेवढं मात्र विचारत होते." मला जरा लाज वाटली, पण राग तिच्यापेक्षा मोठा होता.

चारित्र्य समितीची खोली वकील मंडळाच्या वरच्या मजल्यावर होती. जुना वातानुकूलक खिडकीत घुरघुरत होता आणि त्याचं पाणी खाली ठेवलेल्या बादलीत ठिबकत होतं. लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधे अध्यक्ष, त्यांची पिकलेली दाढी नीट कातरलेली. त्यांच्या एका बाजूला चष्मा केसांत खोचलेल्या वकीलबाई. दुसऱ्या बाजूला एक जाडगेले गृहस्थ खोकल्याची गोळी चघळत होते आणि कुठेच पाहत नव्हते. बाबांना बाहेर बाकावर बसवलं होतं. माझी पाचावर धारण बसली होती.

अध्यक्षांनी माझी पुरवणी उचलली. "हे सगळं तुमचं?"

"हो."

"दंतवैद्य. दात. पोहण्याचे सर. लिंबं." ते एकेक शब्द चावून बोलत होते. "ताई, मी या धंद्यात म्हातारा झालो. एक गोष्ट शिकलो. न विचारता जो माणूस छोट्या छोट्या गोष्टी भडाभडा कबूल करतो, तो त्यांच्याखाली एक मोठी गोष्ट पुरून ठेवतो. तुम्ही काय पुरलंय?"

मला वाटलं होतं, लिंबांबद्दल बोलणी खावी लागतील. हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. "काही नाही, सर."

"काहीच नाही? मग एवढा पसारा कशाला?"

"रकान्यात कोणतीही तक्रार असं विचारलं होतं, म्हणून."

"ते सगळ्यांनाच विचारतो आम्ही," वकीलबाई म्हणाल्या. "कुणी दात लिहीत नाही."

इथे माझा राग नाकावरून खाली उतरला आणि तोंडात आला. "मग तो प्रश्न विचारता कशाला? उत्तर नकोच असेल तर रकाना काढून टाका. आणि जी गोष्ट नाहीच, ती मी कुठून काढून दाखवू? आहे असं म्हणणाऱ्याने दाखवायची, नाही म्हणणाऱ्याने नाही, एवढं तर आम्हाला कॉलेजात तुम्हीच लोकांनी शिकवलं!"

बोलून झालं आणि मीच हादरले. गोळी चघळणाऱ्या गृहस्थांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. गेली खुर्ची, मी मनात म्हटलं. आणखी एक तक्रार झाली, ती आता पुरवणीत कुणी लिहायची?

"पडताळणी करणाऱ्यांना बोलवा," अध्यक्ष एवढंच म्हणाले.

बाबा आत आले. इस्त्रीच्या घड्या मोडू नयेत म्हणून हात अंगापासून जरा लांब धरून उभे राहिले. बसा म्हटल्यावर बसले, तेही खुर्चीच्या काठावर.

"तुम्ही वडील?"

"हो."

"वजनमाप निरीक्षक होतात?"

"हो."

विचारतील तेवढंच बोला, असं मीच बजावलं होतं. आता ते एका अक्षराच्या वर जाईनात.

"तुमच्या मुलीने काही लपवलंय का?"

"मला माहीत आहे ते सगळं त्यात आहे," बाबा म्हणाले. "मला माहीत नाही ते मी कसं सांगणार?"

मी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. एखाद्या बापाने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, माझी पोर सोन्यासारखी आहे म्हणून. आमचे बाबा इथेही किंचित मीठ कमी.

अध्यक्ष पुढे झुकले. "बरं, दुसरं विचारतो. इतकी वर्षं तुम्ही खरं-खोटं पारखलंत. तुमच्या मते ही वकिलीला लायक आहे का?"

"ते मला विचारू नका," बाबा म्हणाले.

वकीलबाईंनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "का? तुम्हाला शंका आहे?"

"शंका नाही."

"मग सांगा ना, हो किंवा नाही."

मग बाबा बोलायला लागले, आणि ते इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"त्याचं असं आहे, बाई. आम्ही काटा तपासतो तेव्हा पारड्यांत काही न ठेवता आधी रिकामा बघतो. रिकामा असताना तो मधे उभा राहिला पाहिजे. रिकामाच एका बाजूला झुकत असेल, तर त्याच्यावर काही तोलायचं नाही, असा नियम. माझा काटा झुकलेला आहे. ही जन्मली त्या दिवसापासून हिच्या बाजूला झुकलाय, आणि तो दुरुस्त होण्यातला नाही. तिने दंतवैद्याला चावलं, मला वाटलं, काय धीट पोरगी आहे. तिने त्या सरांना पाण्यात ढकललं. मी चिठ्ठी वाचली आणि मोरीत जाऊन हसलो. मला हिचं काही वाईट दिसतच नाही. म्हणून मी तिच्यासमोर फार बोलत नाही. बोलायला लागलो तर मला थांबता येणार नाही." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. "म्हणून हे सगळं तिला लिहायला लावलं. म्हटलं, ज्यांचा काटा सरळ आहे अशा कुणीतरी बघावं. तुम्ही बघा. माझं मत धरू नका. ते खोटं वजन आहे."

मी रडायला लागले. हुंदके देऊन, नाक ओढत, एखाद्या लहान मुलीसारखी. वकीलबाईंनी टेबलावरचा पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, आणि मग त्यांनाच पाणी हवं असावं, कारण पेला परत ओढून त्याच घटाघटा प्यायल्या. अध्यक्षांना दाढी खाजवण्याचं एकदम फार काम निघालं.

तेव्हा गोळी चघळणारे गृहस्थ पहिल्यांदा बोलले. आवाज बसलेला होता. "मिळालं ना? काहीतरी मोठं लपवलंय म्हणत होता तुम्ही. हे घ्या. लपवलेलं होतं, पण यांनी. आता पोरीला सोडा."

"आणि मघाशी ती भांडली, ते?" अध्यक्षांनी विचारलं, पण त्यांच्या मिशीखाली हसू लपत नव्हतं.

"भांडली नाही, बाजू मांडली. तीही बरोबर मांडली. तुमच्याकडे उत्तर नव्हतं."

खाली आल्यावर रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेतला. बाबांनी एक घोट घेऊन सांगितलं, "साखर जास्त आहे." मी त्यांच्या दंडाला धरून तिथे रस्त्यातच हसत उभी राहिले. माझ्या आत आनंद नुसता मावत नव्हता. "बाबा, मोरीत जाऊन हसलात?" असं मी विचारलं, तर कान लाल करून म्हणाले, "चहा निवतोय तुझा."

यादीत माझं नाव लागलं. शपथविधीच्या दिवशी कोर्टातल्या त्या उंच छताच्या दालनात भरलेला काळा रंग पाहून मला धडकीच भरली. आम्ही रांगेने उभे, अंगावर नवे कडक झगे, गळ्याला पांढरे पट्टे टोचताहेत. वर सज्जात घरची माणसं. आई इस्पितळातली पाळी बदलून आली होती, दादा दुकान बंद करून आला होता, बाबा मधे ताठ बसले होते. मॅडम खाली उभी होती. माझी पाळी आल्यावर तीच न्यायमूर्तींसमोर उभी राहून म्हणाली, की या अर्जदाराला मी ओळखते आणि हिला वकील म्हणून दाखल करून घ्यावं अशी विनंती करते. मी शपथ वाचली. आवाज कापेल असं वाटलं होतं, पण कापला नाही. न्यायमूर्तींनी मान हलवली आणि मी वकील झाले.

तेवढ्यात वरून टाळ्या वाजल्या. एकाच माणसाच्या, सावकाश आणि मोठ्या. न्यायमूर्तींसमोर टाळ्या वाजवत नाहीत, हे तिथल्या खांबांनासुद्धा ठाऊक असतं. सगळं दालन माना वळवून वर पाहायला लागलं. सज्जात बाबा उभे होते. रांग मोडलेली त्यांना खपत नाही, उंबऱ्याबाहेरच्या चपलासुद्धा ते सरळ करून ठेवतात. ते बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. आई त्यांचा सदरा खाली ओढत होती. दादाने तोंडात रुमाल कोंबला होता.

लाल पट्टा लावलेला कोर्टाचा शिपाई धावत त्यांच्यापाशी पोहोचला. "साहेब, इथे टाळ्या वाजवायला मनाई आहे."

"बरोबर आहे तुमचं," बाबा त्याला म्हणाले. "नियम आहे," आणि आणखी जोरात वाजवायला लागले.

शिपायाने त्यांचा दंड धरला. काय करावं हे न सुचून त्याने खाली न्यायमूर्तींकडे पाहिलं, न्यायमूर्तींनी पुढ्यातल्या कागदांवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. सगळं कोर्ट माझ्याकडे पाहत होतं. मी झगा सावरला आणि एक पाऊल पुढे झाले.

"महोदय," मी म्हटलं, "सज्जातल्या त्या गृहस्थांच्या वतीने मी उभी आहे. त्यांचा दोष कबूल आहे. एवढी एक वेळ सोडून द्यावं, ही विनंती."

न्यायमूर्तींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "विनंती मान्य," ते म्हणाले आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.